पानमळ्याच्या दारात

दादा, सकाळपासून मी मळ्याच्या दारात बसलेय आणि आत गेलेले नाही. दार तेच आहे. फक्त कुडाच्या कवाडाच्या जागी तुमच्या धाकट्या लेकानं पत्र्याचं केलंय आणि ते वाऱ्यानं सारखं वाजतं. तुमचा पाय धुवायचा दगड मात्र होता तिथंच आहे. त्यावरच बसलेय. तुम्ही असता तर 'ही बसायची जागा हाय व्हय?' म्हणून उठवलं असतंत. इथनं आतल्या, वेली चढवलेल्या शेवरीच्या झाडांच्या ओळी सरळ दिसतात. वरच्या अंगाला, जिथं पाटाचं पाणी आत शिरतं, त्या कोपऱ्यातल्या काही वेलींची पानं खाली लोंबतायत. माती ओली आहे, पाणी कालच दिलंय, ऊनही अजून कोवळं आहे, तरी लोंबतायत. मी गेल्या आठवड्यात एकीच्या बुडाशी वाकून पाहिलं. मातीलगतचं पेर काळं पडलं होतं आणि बोटानं दाबलं तर दबलं. बोटाला घाण वास आला, तो साबणानं धुऊनसुद्धा संध्याकाळपर्यंत गेला नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो. पाय मात्र खरे आठवतात. रविवारी चर्चच्या उपासनेहून आलात की काळे बूट घालून थेट इथवर यायचात, बूट काढून कुंपणाच्या खुंटाला अडकवायचात आणि या दगडावर उभं राहून पाय धुवायचात. टाचा, घोटे, बोटांच्या मधली जागा. मग पाय वाळेपर्यंत तसेच उभे. घाई म्हणून कधी नाही. बाकीचे पानवाले वेलीला देवी म्हणायचे, मळ्यात नारळ फोडायचे. आपल्या घरात देवी नाही की नैवेद्य नाही, पण वेलीपुढं तुम्ही त्यांच्याइतकेच भाबडे. एकदा पाळकसाहेब मळा बघायला आले तर त्यांनाही तुम्ही दारात थांबवलंत. आई लाजेनं अर्धमेली झाली होती. तुम्ही म्हणालात, "देवापुढं जोडे काढायची आज्ञा आपल्यातबी हाय, साहेब." साहेब हसले आणि त्यांनी मोजेसुद्धा काढले. त्यांचे पाय किती पांढरे होते ते मी आणि धाकटा कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होतो.

आणि मग तो दिवस. मी सातवीत होते. शाळेतून आले, दप्तर टाकलं आणि नेहमीसारखी पानं खुडायला आत निघाले. आई तुमच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तुम्ही दारात हात आडवा धरलात. "चार दिस आत यायचं न्हाई." मी विचारलं, का? "वेल कोमेजती." एवढंच. माझ्याकडं न बघता. आतमध्ये मजूर होते, त्यांनी ऐकलं, आणि मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. दादा, मी फार चिडले होते. पुढच्या महिन्यात तुम्ही घोडेगावच्या बाजाराला बैल बघायला गेलात त्या दिवशी मी मुद्दाम आत गेले. पाय धुऊन गेले, तेवढं पाळलं. एका वेलीला शेंड्यापासून बुडापर्यंत हात लावला, तिच्या शेवरीला लव्हाळ्याची गाठ बांधून खूण केली आणि रोज शाळेला जाताना दारातून बघत राहिले. ती काही कोमेजली नाही. उलट असली फुटली की त्या वर्षी तुम्ही तिचीच पानं लग्नघरी पाठवलीत. तुम्ही हयात असताना हे सांगितलं नाही, आता सांगते. त्या बाबतीत मी बरोबर होते आणि तुम्ही चूक होतात. ते मी आजही मागं घेणार नाही.

पण त्याच तोंडानं, त्याच आवाजात तुम्ही आणखी एक सांगितलं होतं. पानवाल्यानं पानवाल्याच्या मळ्यात जायचं नाही. खालच्या मळ्यातले आप्पा तुमचे जिवाभावाचे. आईच्या मयतीला सगळ्यात आधी खांदा त्यांनी दिला. तरी ते आले की तुम्ही त्यांना कवाडाबाहेर बसवायचात, चहा तिथंच, तंबाखू तिथंच. ते कुंपणापलीकडून आणि तुम्ही अलीकडून तासन्तास बोलत उभे. त्यांच्या मळ्यात काय चाललंय ते तुम्हाला तोंडपाठ, पण तुमचं पाऊल तिथं कधी पडलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालात, नजर लागते. मी मनात म्हटलं, झालं! ज्याच्या खांद्याला खांदा लावायचा त्याच्याच नजरेची भीती. पुढं डी.एड. झाले, राहात्याकडच्या शाळेत नोकरी लागली, आणि स्टाफरूममध्ये तुमच्या या गोष्टी मी हसून सांगायचे. लोकही हसायचे.

आता इथलं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी दारात का बसलेय. निवृत्त होऊन मी इथं परत आले तेव्हा धाकटा मळा मोडायच्या बेतात होता. त्याचंही काय चुकीचं? उसाला कारखाना आहे, कांद्याला निदान आरडाओरड तरी आहे, आपल्या पानाला काय? वादळात शेवऱ्या आडव्या झाल्या तेव्हा पंचनामा करणारा मोबाईल उघडून म्हणाला, पिकांच्या यादीत नागवेल नाहीच, काय लिहू? सातबाऱ्यावर आपल्या मळ्याची नोंद शेवरी अशी आहे, म्हणजे जळण. ठिबकला अर्ज केला, नाही. सावलीच्या जाळीला केला, नाही. आजोबांच्या वेळेपासूनचा मळा, आणि सरकारच्या लेखी आपण जळणाची झाडं राखत बसलेलो. धाकटा म्हणाला, ताई, उसाचं बेणं सांगून ठेवलंय, पुढच्या हंगामाला वेली काढतो. मला ते सहन झालं नाही. तुमच्यावर राग होता, मळ्यावर नव्हता.

मग मी मागं लागले. बाईमाणूस, त्यात मास्तरीण, त्यात तोंडाळ. तालुक्याला गेले, नगरला गेले, ग्रामसभेत उभी राहिले, आमच्यासारख्या पानवाल्यांना गोळा करून अर्जांवर सह्या घेतल्या. आम्ही एकटेच होतो असं नाही, ठिकठिकाणचे असे यादीबाहेरचे शेतकरी बोलत होते. शेवटी अनुदानाचे निकष बदलले. लहान तुकड्यातली, जुन्या वळणाची, आजवर कुठंच न बसलेली पिकं आत घेतली आणि त्यात नागवेल आली. त्या दिवशी धाकट्यानं बेणं नको म्हणून निरोप धाडला. आणि ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नवरा गेलाय, दरवर्षी ऊसतोडीला जायची. तिच्या नावावर थोडी जमीन, स्वतःचं बोअर. म्हणाली, "बाई, आमी लावली वेल तर आमाला बसंल का हे?" त्यांच्या वस्तीत आजवर कुणी पानमळा केला नव्हता. कुणी करू दिला नव्हता म्हणा ना, बेणं देताना लोकांचे हात आखडायचे. मी म्हटलं, बसेल, कसं बसत नाही बघते. बेणं आपल्या मळ्यातलं दिलं, तेव्हा इथं सगळं हिरवंगार होतं. तिनं पोराबाळांसारखी वेल वाढवली. यंदा पहिल्यांदा ती तोडीला गेली नाही. मुकादम दारावरून दोनदा गेला, तिनं टोळीत नाव दिलं नाही.

निकषात एक अट होती. आमच्या कुणाच्याच मळ्याची कागदावर पानमळा म्हणून नोंद नाही, म्हणून गटातल्या बाकीच्या पानवाल्यांनी प्रत्येकाच्या मळ्यात जाऊन, वेलींमध्ये उभं राहून साक्ष द्यायची आणि तिथला फोटो काढायचा. मला ती अट तेव्हा फार आवडली होती. एकमेकांनी एकमेकांची खात्री द्यायची, याहून चांगलं काय? पहिली पाहणी भादव्याच्या शेवटी झाली. रात्रीच्या पावसानं ओढा भरला होता, म्हणून पलीकडच्या तिच्या मळ्याची पाहणी पुढच्या खेपेवर टाकली. कृषी सहायक म्हणून एक तरुण पोरगी येते, गुणी आहे, तिनं स्वतःहून दारात सँडल काढले. सगळ्यांना इतकं बरं वाटलं! म्हाताऱ्यांनी तिचं कौतुक केलं, बघा, आपली रीत पाळली. आम्ही सगळे अनवाणी. वरच्या मळ्यापासून सुरुवात केली. तिथं एका कडेला वेली मलूल होत्या, मालक म्हणाला, उन्हानं हाय. पावसाळी हवेत ऊन कुठलं, असा विचार माझ्या मनात आला आणि गेला. चिखल घोट्यापर्यंत. तिथून तेच पाय घेऊन आपल्या मळ्यात, आणि आपल्या मळ्यातून आप्पांच्या दारात.

आप्पा आता काठी टेकून चालतात. ते कवाडात उभे राहिले आणि बाजूला होईनात. म्हणाले, "तुझ्या बापाला मी कधी आत घेतलं न्हाई, त्यानं मला घेतलं न्हाई." सगळे थांबलेले, त्या पोरीला उशीर होत होता. मी पुढं झाले. वर्गात हट्टी पोराला समजावते तशी म्हणाले, "आप्पा, ते दिवस गेले. आता एकमेकांच्या मळ्यात गेल्याशिवाय मळा राहणार नाही." आणि ते सरकले, दादा. मी अडून राहिलेल्या माणसाला सरकवलं याचा मला त्या क्षणी चक्क आनंद झाला. फोटोत मी मधोमध उभी आहे, पायांना घोट्यापर्यंत चिखल, आणि हसतेय.

दसऱ्याच्या सुमाराला वरच्या मळ्याची ती कड पूर्ण मरून गेली. मग मधल्या ओळी. आता तिथं नुसत्या शेवऱ्या उभ्या आहेत, वेल वाळून दोऱ्यांसारखी लोंबतेय. मर लागलीय, मातीतनं येऊन बुडं कुजवणारा रोग, हे सगळ्यांना कळतं, पण तोंडानं कुणी म्हणत नाही. कुणाला विचारावं तर उन्हानं हाय. आता ऑक्टोबरचं ऊन आहेही, त्यामुळे ते खरंही वाटतं. दुसरी पाहणी उद्या आहे. त्या वेळी मळा उभा पाहिजे, रोगट मळा बाद. मी धाकट्याला कोपरा दाखवला आणि म्हटलं, त्या पोरीला सांगू, उपाय विचारू, निदान पाटाचं पाणी तरी बंद करू, कारण आपल्यातून निघालेलं पाणी खाली आप्पांकडं जातं. तो पानं बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, उद्यापातुर गप ऱ्हा. यंदा बाद झालो की मी ऊस लावणार, मग रडायचं न्हाई." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते.

आणि मला राग कुणाचा येतो म्हणाल, तर तुमचा. माझ्या आडवा हात धरलात तो नियम आणि आप्पांना बाहेर बसवलंत तो नियम, दोन्ही तुम्ही एकाच सुरात का सांगितलेत? एक वेल कोमेजते म्हणून, दुसरा नजर लागते म्हणून. एक मी मोडून पाहिला, काही झालं नाही, मग दुसरा खरा असेल हे मला कुठून कळावं? नजर कसली दादा, माती म्हणायचं होतंत. एका मळ्यातली माती दुसऱ्यात जाऊ नये, एवढं साधं वाक्य होतं. तुम्ही म्हणाला असतात तर मी ते शाळेत पोरांना शिकवलं असतं. की तुम्हालाही माहीत नव्हतं? तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं, नजर लागते, आणि तुम्ही विचारलंच नाहीत? मला हेच जास्त खरं वाटतं, आणि मग तुमच्यावर रागवायचीही सोय राहत नाही. आम्ही मात्र सोपी रीत तेवढी धरली. चपला काढल्या आणि वाटलं, सगळं पाळलं.

मघाशी मी बांधावर गेले होते. आप्पांना हाक मारली. ते कुंपणापलीकडं आले, मी अलीकडं, तुम्ही उभे राहायचात तशीच. त्यांना सांगायचंच असं ठरवून गेले होते. धाकट्याचं काय व्हायचं ते होवो. मी म्हटलं, आप्पा, आमच्या वरच्या कोपऱ्यात मर आहे, तुमच्याकडं जाणारं पाणी तोडा. ते बराच वेळ काठीनं ढेकूळ फोडत राहिले. मग म्हणाले, "माझ्यातबी लागलीया. दसऱ्यापासनं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "उद्याची पाहणी हुईपातुर बोलनार न्हवतो. तूबी बोलू नगं." आणि वळून आत गेले. त्यांच्या मळ्यात त्यांचं ते पाठमोरं जाणं मी बघत राहिले. जातानाही त्यांनी दारात पाय धुतले, दादा.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. वरच्याला, आम्हाला, खालच्याला. आणि सगळे पाणी देतायत, पिवळी पानं पहाटे वेचून उकिरड्यात पुरतायत, म्हणजे उद्या मळे हिरवे दिसतील. उद्या आम्ही सगळे पुन्हा निघणार. वरच्या मळ्यातून इथं, इथून आप्पांकडं, आणि शेवटी ओढा ओलांडून तिच्याकडं. तिच्याकडचं पाणी वेगळं आहे, माती वेगळी आहे, तिथं अजून एक पान पिवळं नाही. तिथं हे जाईल तर आमच्या पायांनीच जाईल. पाय धुऊन जा म्हणाल. तुम्ही तर रोज धुवायचात, तरी आप्पांना आत घेतलं नाहीत, म्हणजे धुण्यावर तुमचाही भरवसा नव्हता. आणि आम्ही गेलो नाही तर तिची साक्ष होत नाही. साक्ष नाही तर यंदा ती बसत नाही. त्या कृषी सहायक पोरीला आत्ता सगळं सांगितलं तर पाहणीच थांबेल. मळे बाद, ऊस आत, आणि ओढ्यापलीकडच्या तिला पुढच्या सालापर्यंत तोडीच्या टोळीत कोयता घेऊन जायचं. मी नंबर काढून ठेवलाय. मोबाईल मांडीवर आहे.

लिहिता लिहिता तो वाजला. मला वाटलं तीच, कृषी ऑफिसातली. पण ओढ्यापलीकडची होती. मागं कुणीतरी झाडत होतं, बादलीचा आवाज येत होता. म्हणाली, दारात पाय धुवायला दगड आणून ठेवलाय, तुमच्यासारखा, आणि सगळ्यांच्या चहाचं दूध सांगितलंय. बाकी सगळं नीट असलं म्हणजे झालं. मी म्हटलं, हं. मग म्हणाली, "बाई, आजवर मळ्यात परक्याला येऊ दिलं न्हाई. उद्या पयलं पाऊल तुमचंच पडू द्या."

दादा, हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, चुलीत जाईल. पण तुम्हाला म्हणून सांगते. मी तिला हो म्हणाले.